वीस मिनिटं पुढे

स्वयंपाकघराच्या दारावरचं घड्याळ गेली दोन वर्षं वीस मिनिटं पुढे होतं. ज्याच्यासाठी ते पुढे केलं होतं, त्याला त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

त्याला कॉलेजात सगळे ‘आलोच’ म्हणत. फोन उचलला की याच्या तोंडून पहिला शब्द तोच. मग तो रस्त्यात असो, बाथरूममध्ये असो, नाहीतर पांघरुणात असो. मुलगा वाईट नव्हता. आईला पिशव्या उचलू द्यायचा नाही, कुणाला उलट बोलायचा नाही, डोकंही बरं होतं. पण वेळ म्हटली की त्याचं सगळं अडायचं. आणि गंमत अशी, की वेळापत्रक बनवण्यात याचा हात धरणारा कुणी नव्हता. अभ्यास हिरव्या रंगात, झोप निळ्या, व्यायाम लाल. पट्टी लावून रेघा, वर तारीख, खाली सही. खोलीच्या भिंतीवर अशी अकरा वेळापत्रकं एकावर एक चिकटवलेली होती आणि त्यातलं एकही तिसऱ्या दिवसाच्या पुढे गेलं नव्हतं. खालच्या दहांकडे कुणी बघू नये, म्हणून अकरावं त्याने जरा मोठ्या कागदावर काढलं होतं.

आणि जन्माला कुणाच्या पोटी यावं? वडील बसस्थानकावर कंट्रोलर. सव्वीस वर्षं त्यांनी काचेच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडल्या. फलाटावर येणारी गाडी, तिची वेळ, चालकाची सही, आणि मग शिट्टी. ती शिट्टी त्यांनी कधी एक मिनिट उशिरा वाजवली नाही. लोक हातापाया पडत, म्हातारी माणसं लांबून हात करत, एकदा तर नवरदेवाचा भाऊ बॅग घेऊन धावत आला होता. कंट्रोलरसाहेब शिट्टी वाजवायचे. “तुमच्या एकासाठी थांबलो,” ते म्हणायचे, “तर आत बसलेल्या चाळीस जणांचा वेळ मी चोरला. तो मी परत कुठून आणू?”

पोटच्या पोरालाही त्यांनी सोडलं नव्हतं. पहिल्या वर्षी आलोच सकाळच्या गाडीसाठी फाटकातून धावत येत होता, दप्तर एका खांद्यावर, बुटाची नाडी सुटलेली. वडिलांनी त्याला पाहिलं. चांगलं डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं, आणि शिट्टी वाजवली. गाडी त्याच्या समोरून गेली. त्या दिवशी त्याची प्रॅक्टिकल परीक्षा बुडाली आणि घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

त्यानंतर एका रविवारी वडील स्टुलावर चढले आणि त्यांनी घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं.

“अहो, पण त्याला माहीतच आहे ना पुढे केलंय ते,” आई म्हणाली. ती बुकबाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा आणि तिला फुकटचे उद्योग आवडायचे नाहीत. “तो वीस वजा करणार आणि पुन्हा झोपणार. मग उपयोग काय?”

“असू दे. एखाद दिवस वजा करायचं विसरेल.”

तो एकही दिवस विसरला नाही. वजाबाकी त्याच्या इतकी अंगवळणी पडली, की घड्याळात आठ वाजलेले दिसले तरी डोक्यात सात चाळीसच उमटायचं. बाकीच्या गणितात एवढी चपळाई दाखवली असती, तर आईबापांच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं.

तिसऱ्या वर्षी वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबायचे आणि खिशात काहीतरी शोधल्यासारखं करायचे. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तारीख ठरली.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी मुलाला विचारलं, “पहिल्या तासाला जातोस ना रे?”

“हो.”

“रोज?”

“महिनाभरात एकही चुकला नाही बाबा. मी आता खरंच सुधारलोय. तुम्ही माझी काळजी करू नका.”

हे धडधडीत खोटं होतं. महिनाभरात तो पहिल्या तासाला चारदा गेला होता, त्यातही दोनदा मागच्या दाराने. पण उद्या दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला खरं सांगून काय करायचं, असा त्याने विचार केला. वडिलांनी कपातला चहा संपवला. “बरं,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिघं टॅक्सीने दवाखान्यात गेले. संध्याकाळपर्यंत फॉर्म, रक्त, सह्या. वॉर्डात वडिलांना करमत नव्हतं. त्यांचा आणि आईचा फोन बटणांचा, त्यावर गाणी वाजत नसत. आलोचने आपला फोन त्यांच्या उशाशी ठेवला आणि जुनी गाणी लावून दिली. वडिलांनी आवाज कमी करायचं बटण तीनदा विचारून घेतलं.

“उद्या सातला आत नेणार आहेत,” ते म्हणाले. “पावणेसातला ये. तुला बघून जाईन.”

“आलोच समजा.”

“ते तेवढं म्हणू नकोस,” आई म्हणाली, आणि तिघंही हसले.

आई दवाखान्यातच थांबली. घरी एकट्याने जेवताना आलोचला काही गोड लागेना. ते खोटं त्याला सलत होतं. उद्या काही कमीजास्त झालं, तर बाबा ते खरं मानून जातील. नाही, त्याने ठरवलं, सकाळी सांगून टाकायचं. चार वेळाच गेलो म्हणायचं. ओरडतील, ओरडू देत. त्यांनी ओरडून आत जावं, फसून जाऊ नये. एवढी एकच गोष्ट त्याला त्या सकाळी करायची होती आणि त्यासाठी फक्त वेळेवर पोचायचं होतं.

आणि सकाळी तो आपणहून उठला. अलार्म नाही, आईची हाक नाही, नुसता उजेड खिडकीत आला आणि याचे डोळे उघडले. घड्याळात पावणेसहा वाजले होते. म्हणजे पाच पंचवीस. त्याला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की त्याने चहा केला, दाढी केली, वडिलांचा इस्त्रीचा शर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. घरी येताना लागेल म्हणून. घड्याळात साडेसहा वाजले तेव्हा त्याने दाराला कुलूप घातलं. म्हणजे सहा दहा. ठरवलं होतं सव्वासहाला निघायचं, आणि हा पाच मिनिटं आधी रस्त्यावर! कॉलेजातल्या कुणी पाहिलं असतं, तर आजारी आहेस का म्हणून विचारलं असतं.

थांब्यावर पहिली बस आली ती खच्चून भरलेली. दाराशी लोक लोंबकळत होते. एरवी तो घुसला असता. पण शर्टाची घडी मोडेल, आणि वेळ तर चिक्कार आहे, असं म्हणून त्याने ती सोडली. दहा मिनिटांनी दुसरी आली. खिडकीशी जागा मिळाली. वाटभर तो वाक्यं जुळवत होता: बाबा, एक सांगायचंय. बाबा, परवा मी बोललो ना. बाबा, रागावू नका.

दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या मोठ्या घड्याळात सात वाजून तीन मिनिटं झाली होती. त्याला हसूच आलं. यांच्याकडेही माझ्यासारखा कुणीतरी दिसतोय, त्याच्या मनात आलं, आणि तो आरामात जिना चढून गेला.

वॉर्डात पलंग रिकामा होता. चादर अर्धी खाली लोंबत होती. उशाशी फोन होता आणि त्यातून बारीक आवाजात गाणं चाललं होतं. आई खिडकीशी उभी होती.

“कुठे होतास?”

“पावणेसातच झालेत ना?”

“सात वाजून गेले रे. नेलं त्यांना.”

त्याने पलंगावरचा फोन उचलून पाहिलं. सात पाच. तो खाली वाकला, चादरीचं टोक उचलून नीट खोचलं, आणि मग कुणाचा तरी धक्का लागल्यासारखा पलंगाच्या कडेवर बसला. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत धावत गेला, तेव्हा वरचा लाल दिवा लागलेला होता.

दुपारी एकच्या सुमारास सर्जन बाहेर आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. हृदय पुन्हा सुरूच झालं नाही, असं त्यांनी सांगितलं. सगळं केलं, म्हणाले. इस्त्रीचा शर्ट पिशवीतच होता.

पुढचे चार दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. चालक आले, वाहक आले, खिडकीवर त्यांच्या जागी बसणारा नवा कंट्रोलर आला आणि रडला. सगळे म्हणाले, साहेब फार शिस्तीचे. आलोच दाराशी उभा राहून प्रत्येकाला पाणी देत होता. आपण कुठे चुकलो, हे त्याला कळत नव्हतं. वजाबाकी बरोबर केली होती, दहादा आठवून पाहिली. चूक सापडेना आणि डोकं थांबेना.

पाचव्या दिवशी सकाळी माणसं पांगली. आई ओट्याशी होती. त्याने फोनमध्ये वेळ पाहिली आणि मान वर केली. घड्याळातही तीच वेळ होती. मिनिटाला मिनिट.

“आई, हे घड्याळ कुणी बरोबर केलं?”

“यांनीच.” आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. “दवाखान्यात निघालो ना, तेव्हा. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि तू बाथरूममध्ये. स्टुलावर चढले. मी म्हटलं, अहो छातीत दुखतंय, उतरा खाली. ऐकतात कुठे? म्हणाले, आता त्याला या खोट्या घड्याळाची गरज नाही.”

तो खुर्चीवर बसला. मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं.

“मी खोटं बोललो होतो गं. मी जात नव्हतो पहिल्या तासाला. मी त्यांना फसवलं, म्हणून त्यांनी घड्याळ लावलं. माझ्यामुळे… मी सांगणार होतो त्यांना. तेच सांगायला निघालो होतो.”

आई आत गेली. दवाखान्यातून आणलेली पिशवी अजून तशीच होती. त्यातल्या चष्म्याच्या घरातून तिने चार घड्या केलेला कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. कॉलेजचं पत्र होतं, पालकांच्या नावे. हजेरी अडतीस टक्के. परीक्षेला बसता येणार नाही, पालकांनी येऊन भेटावं. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

“जाऊन आले होते ते,” आई म्हणाली. “तुझ्या सरांना भेटले. एक संधी द्या, म्हणून विनंती केली.”

त्याला वडील कुणाला विनंती करताना डोळ्यांसमोर आणताच येईना.

“म्हणजे मी चहाच्या वेळी बोललो तेव्हा…”

“माहीत होतं त्यांना. मलाही.”

“मग घड्याळ का बरोबर केलं? आणि मला सांगितलं का नाही?”

“मीही विचारलं. म्हणाले, दोन वर्षं पुढे ठेवून पाहिलं, काय झालं? त्याला एवढंच कळलं, की आपला बाप आपल्यावर भरवसा ठेवत नाही. आता ठेवून बघू. सांगून ठेवला तर तो भरवसा कसला? त्याचं त्यालाच कळू दे.” आई पदराने डोळे पुसत होती, पण तिचा आवाज शांत होता. “वेडेच होते जरा.”

तो कागदाकडे बघत राहिला. घड्या जिथे पडल्या होत्या, तिथे कागद मऊ पडला होता. कितीदा उघडला असेल कोण जाणे.

“त्या दिवशी मी पहिली बस सोडली,” तो म्हणाला. “गर्दी होती म्हणून. ती घेतली असती तर सातच्या आत पोचलो असतो.”

सांगावं की नाही, याचा आई विचार करत होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी तिने त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

“स्ट्रेचर लवकर आलं होतं. सातला दहा कमी असतील. यांना वर घेतलं, चादर घातली. हे म्हणाले, पाच मिनिटं थांबा, मुलगा येतोय. ती माणसं थांबली बिचारी. पाच मिनिटं झाली. पुन्हा म्हणाले, अजून पाच मिनिटं. आलाच तो, वेळेवर येतो आता. वरून फोन आला, सर्जन उभे आहेत म्हणून, तेव्हा न्यावंच लागलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मान वळवून जिन्याकडे बघत होते.”

सव्वीस वर्षं कुणासाठी एक गाडी मिनिटभर न थांबवलेला माणूस. आलोचने टेबलावर डोकं ठेवलं आणि तो लहान मुलासारखा रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या बोटांना तोच खळीचा वास होता.

“पुन्हा पुढे करून ठेवू का?” बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

“नको,” तो म्हणाला.

त्याने डोळे पुसून वर पाहिलं. घड्याळात पावणेदहा वाजले होते. त्याने काहीही वजा केलं नाही. पावणेदहाच वाजले होते.