शेवटच्या गाण्याची खरखर

आत्याने फोनवर माझ्या रेकॉर्ड प्लेयरला 'डबडं' म्हटलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

पुढच्या आठवड्यात तिचा सत्कार होता. कुठल्याशा संगीत मंडळाने ठरवलेला. तरुणपणी ती ज्या गाण्याच्या क्लासला जायची, त्या क्लासने एक रेकॉर्ड काढली होती. तिच्यावरचं अगदी शेवटचं गाणं आत्याचं. बाकी सगळी इतरांची. त्या एका गाण्यावर ही बाई जन्मभर मिरवली. घरात चार माणसं जमली की रेकॉर्ड निघायची, आणि गाणं संपलं की आत्या मान खाली घालून लाजायची. बाबांना बहिणीचा कोण अभिमान! रेकॉर्ड त्यांनीच सांभाळली. ते गेल्यावर ती आईबरोबर माझ्याकडे आली.

"रविवारी येऊन घेऊन जाते," आत्या म्हणाली. "तोवर तुझ्या त्या डबड्यावर लावू नकोस हं. स्वस्तातलं ते, घासून ठेवशील."

घासून ठेवीन! हे कोणी बोलावं? आमच्या जुन्या प्लेयरवर सुई उडायला लागली की हीच बाई सुईच्या डोक्यावर नाणं ठेवायची. मोठं, जाडजूड नाणं. सुई उडायची थांबायची, कारण ती खाचेत रुतून बसायची आणि प्रत्येक वेळी खाच आणखी खरवडायची. ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

"खरखर तर आधीपासूनच आहे," मी म्हटलं.

"असू दे की. खरखरीशिवाय जुनं वाटत नाही. तीच तर मजा."

मी फोन ठेवला. राग माझ्या नाकावर असतो असं सगळे म्हणतात. बरोबरच म्हणतात. पण त्या रागात मी भांडी आपटत नाही, कामाला लागते. माझं औषधांचं दुकान आहे, शनिवारी दुपारी बंद असतं. म्हटलं, आज या डबड्यातून असा आवाज काढते की आत्याची बोलती बंद झाली पाहिजे.

खरं सांगायचं तर प्लेयर आणल्यापासून मी त्याचे हालच केले होते. खोक्यातून काढला, कपाटावर ठेवला, दोन्ही बाजूंना दोन स्पीकर लावले आणि झालं. स्पीकर घुमला की कपाट थरथरायचं, कपाट थरथरलं की सुई. मग आवाज जाड येतो म्हणून मीच कुरकुर करायची. आधी स्पीकर उतरवून वेगळ्या स्टुलांवर ठेवले. प्लेयर एका बाजूला कललेला होता. त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या आणि भिंतीवर फोटो सरळ लावायची बुडबुड्याची पट्टी ठेवून तो सपाट करून घेतला.

मग सुईचा भार. दुकानातला पावडरी मोजायचा छोटा काटा घरी आणला आणि सुई त्याच्यावर टेकवली. दोन ग्रॅमच्या आसपास पाहिजे, भरले साडेतीन. म्हणजे आत्याला नावं ठेवणारी मी, माझ्याही प्लेयरवर बिननाण्याचं नाणं होतंच की! सुई ज्या दांड्याला असते त्याच्यामागचं वजन फिरवून फिरवून भार बरोबर केला. सुई नवीन घातली. सुईचं डोकं दोन बारीक स्क्रूंनी धरलेलं असतं, ते तिरकं बसलं होतं. ते सरळ करायला रेघा आखलेला एक कागद खोक्यात येतो. तो मी पाहिलाच नव्हता. सगळ्या रेकॉर्डी शेवटाकडे फाटल्यासारख्या का वाजायच्या, ते आता कळलं. तिरकी सुई आतल्या बारीक वळणांवर सगळ्यात जास्त घोळ घालते, आणि त्यातही 'स' आणि 'श' आले की नुसतं फस्स फस्स.

शेवटी रेकॉर्ड धुतली. दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने गोल गोल. पाणी काळं निघालं.

आई तिथेच खुर्चीत बसून धुतलेले कपडे घडी करत होती. मी थेट शेवटच्या गाण्यावर सुई टेकवली.

दोन-चार टकटक आवाज सोडले तर खरखर गेलीच होती. फस्स फस्सही गेलं. आवाज खोलीत समोर उभा राहिला, आणि पहिल्याच ओळीतल्या 'स'ला एक अगदी बारीक शीळ आली. दुसऱ्या ओळीत पुन्हा.

माझ्या आईच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. ती 'साबण' म्हणाली तरी शीळ येते. आत्याचे दात मोत्यासारखे, एकाला एक लागून.

मी वळून पाहिलं. आईच्या हातात टॉवेल तसाच अर्धा घडी केलेला.

"आई, हे कोण गातंय?"

"बंद कर आता."

"कोण गातंय?"

"मी," आई म्हणाली. "कर बंद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात मी माझ्या आईला कधी साधं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं.

तिच्याकडून एकेक वाक्य ओढून काढावं लागलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी आत्याचा गळा बसला. आई सोबतीला गेली होती, गरम पाण्याची बाटली घेऊन. गाणं घरात ऐकून ऐकून तिला पाठ होतं. क्लासच्या बाईंनी तिलाच उभं केलं आणि एका दमात गाणं झालं. कव्हर मात्र आधीच छापून आलं होतं, आत्याच्या नावाचं. बाबा म्हणाले, घरातलंच नाव आहे, काय फरक पडतो?

"आणि तू मूग गिळून गप्प बसलीस?"

"नावाचं मला काही वाटलं नाही गं." आईने टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. "पुढे एकदा पाहुण्यांसमोर हेच गाणं म्हटलं मी. तुझे बाबा हसले आणि म्हणाले, बघा, माझ्या बहिणीची नक्कल किती छान करते ही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग नाही गायले."

बाबा गेले म्हणून वाचले. मी त्यांच्या फोटोकडे पाहून जे बोलले ते इथे लिहीत नाही.

रविवारी आत्या आली ती रेकॉर्डसाठी कापडी पिशवी घेऊनच. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "बस," म्हटलं, आणि सुई टेकवली.

पहिली शीळ आली आणि आत्याने मान वर केली. दुसरी आली तशी ती उठून आवाज कमी करायला गेली. मी मध्ये उभी राहिले.

"सुई बदललीस वाटतं," ती म्हणाली. "सगळी मजा घालवलीस. जुनं काही राहिलंच नाही यात."

"मजा? नाणं ठेवून ठेवून माझ्या आईचा आवाज खरवडत होतीस तू! ठरवून करत होतीस ना?"

"काहीतरीच काय! सुई उडायची म्हणून ठेवायचे मी." पण तिचा चेहरा पडला होता. "वहिनी, सांग ना हिला. तेव्हा सगळ्यांच्या संमतीनेच झालं होतं ना? तू कधी तोंडातून शब्द काढला नाहीस."

"तोंड उघडलं तर नक्कल म्हणायचे!" मी ओरडले. "तेव्हा तू कुठे होतीस?"

आत्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली. म्हणजे होती. तिथेच बसून तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या.

गाणं संपलं. दांडा आपोआप उचलला गेला. आई उठली, प्लेयरपाशी आली, रेकॉर्ड दोन्ही हातांनी कडेला धरून उचलली आणि कव्हरमध्ये सरकवली. आत्याने पिशवी पुढे केली, निव्वळ सवयीने. आईने कव्हर स्वतःच्या छातीशी धरलं.

"वहिनी, शुक्रवारी सगळे येणार आहेत गं." आत्याचा आवाज रडवेला झाला. "हेच गाणं लावायचं ठरलंय. ऐन वेळी मी त्यांना काय देऊ?"

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत तिला नणंदेकडे असं बघताना मी पाहिलं नव्हतं.

"तुमचंच गाणं आहे ना, वन्सं?" ती म्हणाली. "मग तुम्ही गा."