धाकटीच्या पाटीवरची रिकामी जागा

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराशी, लहान मुलाचा हात पोचेल अशी टांगलेली जुनी निळी पाटी मीच. मला आईने घडवलं. पुठ्ठ्याला कापड लावून तिने त्यावर खरखरीत पट्ट्या शिवल्या. त्यांवर चित्रं बसवली. ओढली की निघणारी, दाबली की चिकटणारी. घरातली धाकटी स्वमग्न होती, बोलत नव्हती. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "तिने चित्र हातात दिलं, की ते तिचं बोलणंच समजा."

तिने पहिल्यांदा ‘पाणी’ आणून दिलं, तेव्हा पेला भरताना आई रडली. बाबा पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत.

मग धाकटीला ‘नको’ सापडलं. आंघोळ नको, दूध नको, आत्याची पापी नको.

"एवढीशी आहे, पण तोरा बघा!" आत्या आधी हसली. पुढे तिचं हसू आटलं. शाळेची गाडी आली की धाकटी ‘दुखतंय’ पुढे करी.

"नाटकं शिकलीय नुसती!" आत्या म्हणाली.

बाबांनी ती दोन्ही चित्रं काढून फ्रिजवर ठेवली.

"अहो, ताईंना विचारू तरी."

"आधी मागायला शिकू दे. नाही म्हणायला काय, नंतरही शिकेल."

घर शांत झालं. सगळ्यांना वाटलं, पोरगी सुधारली.

थंडीत ती डोकं भिंतीवर आपटू लागली. ताप नव्हता. बाबा तिचे हात धरून ठेवत. एकदा ती हात सोडवून माझ्याकडे धावली. पाणी, भूक, झोप, सगळी चित्रं तिने भिरकावली आणि एका मोकळ्या पट्टीवर बोट दाबून धरलं. ‘दुखतंय’ तिथेच असायचं.

"तिथे काही नाही गं राणी," आई म्हणाली. "बघ, रिकामं आहे."

ती दाबतच राहिली.

पुढे एका सकाळी उशीवर पू आणि रक्त दिसलं. डॉक्टरांनी कान तपासून विचारलं, "इतके दिवस हिने काहीच सांगितलं नाही?" त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही.

दोन्ही चित्रं माझ्यावर परत आली आहेत. आई रोज माझ्यापाशी बसून ‘दुखतंय’ काढते, धाकटीच्या हातात देते. ती ते जमिनीवर ठेवून निघून जाते.

मित्रांनो, तुमच्याकडे शब्दांचा ढीग आहे. जिच्याकडे मोजकेच आहेत, तिचे तुम्हाला गैरसोयीचे शब्द काढून घेऊ नका. आणि तिने रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, तर तिथे आधी काय होतं, ते आठवा.