म्लाइलीच्या परसातला भूकंपमापक

जरा पाय हळू टाका! मी भूकंपमापक बोलतोय, कार्तालाच्या उतारावरून. नुसतं कुणी चाललं तरी मला जाणवतं. जन्मल्यापासून जिवाला घडीभर स्वस्थता नाही. आमच्या कोमोरोसच्या या ज्वालामुखीनं कूस बदलली की मी थरथरतो आणि ती थरथर शहरातल्या वेधशाळेच्या पडद्यावर उमटते. एवढंच माझं बोलणं.

म्लाइलीनं मला आपल्या परसात जागा दिली. तो शेळ्या हाकलतो, माझी सौरपाटी पुसतो. पण गावात लग्न निघालं की ढोलांनी आणि नाचणाऱ्या पायांनी मी मेटाकुटीला येतो. मग वेधशाळेतल्या मोइनेशाचा फोन ठरलेला, "काका, डोंगर की लग्न?"

"लग्न गं बाई, लग्न!"

यंदा खुद्द म्लाइलीचंच मोठं लग्न निघालं. बायको तीच, हाजरा, त्याच्या पोरांची आई. पण गावजेवण घालून हे मोठं लग्न केल्याशिवाय आमच्याकडे पुरुषाला मशिदीत पुढं बसता येत नाही, चारचौघांत त्याच्या शब्दाला किंमत नसते. त्यासाठी तो उभा जन्म राबला होता.

ढोल घुमत होते आणि त्यांच्याखाली काहीतरी वेगळंच घुमत होतं. फोन आला. "लग्नच! आणि माझंच!" म्लाइली हसला. मी नुसता तडफडत होतो. कसं सांगू याला?

दुपारची अजान झाली. ढोल थांबले. मी थांबलो नाही. शहरात मोइनेशानंही अजान ऐकली असणार, कारण फोन लगेच वाजला.

"काका, आता कोण नाचतंय?"

म्लाइली जरीच्या झग्यातच पाहुण्यांकडे धावला. मग ओरडला, "पाण्याच्या टाक्या झाका! राख पडली तर प्यायला थेंब उरायचा नाही. वरच्या गुराख्यांना खाली बोलवा!"

"अहो, आजच?" हाजरा रडकुंडीला आली.

"डोंगर काय आपल्याला विचारून उठतो?"

पाहुणे पांगले, अन्न तसंच राहिलं. आणि डोंगर? थोडा गुरगुरला आणि निजला. चिमूटभर राख नाही. पेपरात ओळ नाही.

आता गाव टोमणे मारतं, "काय नवरदेव, डोंगर जेवून गेला का?" लग्न अर्धंच राहिलं, म्लाइली मागच्या रांगेतच बसतो. काल माझी पाटी पुसताना पुटपुटला, "एकदा तरी फूट रे बाबा. मी खोटा नव्हतो, एवढं कळू दे लोकांना."

फार वाईट वाटतं मला. तो खरं बोलला, याला मी साक्षी आहे. तरी जमिनीला कान लावून मी एकच मागत असतो, माझा म्लाइली जन्मभर असाच खोटा ठरू दे.