अजून एक चकती

तिसऱ्यांदा तिने वरच्या टोपणाचा बोल्ट उलटा फिरवला, बाजूचे दोन स्क्रू ढिले केले आणि हँडल उपसून मांडीवर घेतलं. सकाळी नऊला ती व्हरांड्यात बसली होती. आता साडेबारा होत आले होते आणि सायकल अजून मुंडकं नसल्यासारखी भिंतीला टेकून उभी होती.

"सगळ्या चकत्या खाली घाल," आई दारातून म्हणाली.

चकत्या म्हणजे स्पेसर. हँडलला सायकलच्या गळ्याशी जोडणाऱ्या तुकड्याला स्टेम म्हणतात. त्याच्याखाली जितक्या चकत्या, तितकं हँडल उंच. हँडल खाली पडतं, पाठ वाकते, असं आई महिनाभर फोनवर सांगत होती. मुलगी शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला होती; नाकावर फ्रेम नेमकी बसवण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. आईच्या हातांची मापं तिने फोनवरच विचारून घेतली, वर चढत जाणारा नवा स्टेम शोधला, रजा टाकली आणि चार तास बसमध्ये बसून आली.

पहिल्या खेपेला एक चकती कमी पडली. आतली नळी स्टेमच्या वर डोकावत राहिली, टोपण तिलाच टेकलं आणि हँडल खिळखिळं झालं. चकत्या आणायला बाजारात एक फेरी. मग सगळं नेटकं बसलं, तर आईने सायकलीशेजारी उभं राहून मुठी धरल्या आणि मान हलवली. आणखी वर. दुसऱ्यांदा स्टेमच्या वर राहिलेल्या दोन चकत्या खाली घातल्या. तरी आणखी वर.

"आई, एकदा सीटवर बसून तर बघ."

"उभ्यानेही कळतं मला." तीस वर्षं सायकलवरून दारोदार विजेचे मीटर वाचत फिरलेल्या बाईला कोणी शिकवू नये, असा तो सूर होता.

मुलीने पाना जरा जोरातच खाली ठेवला. बोटं काळी झाली होती, एका नखाखाली रक्त साकळलं होतं.

"एवढं उंच हँडल ठेवून कोणी चालवतं का?"

"मला चालतं," आई म्हणाली.

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तिने दात आवळून सगळ्या चकत्या स्टेमखाली घातल्या, टोपण लावलं, हँडल चाकाच्या रेषेत आणलं, स्क्रू आवळले. ब्रेकची केबल तारेसारखी ताणली गेली. आईने मुठी धरल्या आणि पहिल्यांदाच मान डोलावली. दूध घेऊन येते, म्हणून पिशवी अडकवून निघाली.

हात धुता धुता मुलीने खिडकीतून पाहिलं. आई फाटकाबाहेर पडली, पण सायकलवर बसली नाही. दोन्ही मुठींवर अंगाचा सगळा भार टाकून तिने उजवं पाऊल टाकलं, सायकल पुढे सरकवली आणि डावा पाय मागून ओढून घेतला. समोरून कोणी येताना दिसलं, तशी ती थांबली, वाकून टायर चाचपू लागली. तो माणूस पुढे गेल्यावर पुन्हा मुठी धरल्या.

मुलगी खिडकीपासून बाजूला झाली. नळ तसाच वाहत राहिला होता.

दहा मिनिटांच्या कामाला आईला पाऊण तास लागला.

"कशी वाटली?" मुलीने विचारलं.

"हलकी पळते एकदम."

मुलीने तिच्या हातातली पिशवी घेतली. दुधाच्या पिशव्या एकेक करून बाहेर काढल्या.

"केबल आखूड पडतेय. लांबची आणून घालते," ती म्हणाली. "आणि ब्रेकही जरा कडक करते. म्हणजे उतारावर सायकल हातातून पुढे जाणार नाही."

आई खुर्चीत बसत होती, ती मध्येच थांबली. मग हळूच टेकली.

"उतारावर ओढते खरी," आई म्हणाली. आणि जरा वेळाने, तळहात उलटे करून बघत, "मुठी जाड मिळतात का, तेही बघ."