भरलेल्या बाटल्या

“बाई, अर्जावर सह्या ओळीत घेऊ नका. गोलात घ्या,” शाळेच्या शिपाईमावशी म्हणाल्या होत्या. हातातला झाडू न थांबवता, ‘छत्री असू द्या बरोबर’ म्हणावं इतक्या सहज. “ओळीत पहिलं नाव असतं. गोलात नसतं. सव्वीस वर्षं झाली मला इथं. पहिल्या नावाचं काय होतं ते बघत आलेय.”

पाचवीची बाई हसली होती. “मावशी, आपण काय बंड करतोय का? मुतारीचं कुलूप तर काढायचंय.”

“कुलूपच ना,” मावशी म्हणाल्या आणि केर भरून निघून गेल्या.

खिडकीपाशी चित्रकला रंगांच्या डब्या पुसत बसली होती. त्या शाळेच्या शिक्षक-खोलीत एकमेकींना विषयाच्या नावानं हाक मारायची रीत होती. ‘गणित’ रजेवर असायचं, ‘भूगोला’ला पडसं झालेलं असायचं. ती स्वतः ‘पाचवी’, कारण पाचवीचा वर्ग आणि त्या वर्गाचे बहुतेक विषय तिच्या गळ्यात होते. चित्रकला तिची जिवाभावाची. दोघींचा डबा एक, जायची-यायची बस एक. तिच्या चार वर्षांच्या लेकीसाठी अक्षरांचा तक्ता चित्रकलेनंच रंगवून दिला होता. तो पलंगासमोरच्या भिंतीवर होता, आणि रोज निजताना लेक त्यावरून बोट फिरवायची.

“गोलात कशाला गं, चोरासारखं?” चित्रकला म्हणाली. “तू पहिली कर, मी तुझ्या खाली. सावलीसारखी.”

सह्या तशाच झाल्या. पहिली तिची. दुसरी चित्रकलेची, सुबक, शेवटी वेलीसारखं वळण दिलेली. खाली आणखी सहा जणींच्या.

कुलपाची गोष्ट अशी होती. आदल्या वर्षी कुणीतरी मुतारीचा नळ मोडला आणि रात्रभर पाणी वाहिलं. तेव्हापासून मधली सुट्टी सोडून मुलींच्या मुतारीला कुलूप लागलं. सुट्टी वीस मिनिटांची, मुली चारशे, दारं पाच, त्यातल्या एकाला कडी नाही. तास चालू असताना जायचंच असेल तर कार्यालयात जाऊन कारकुनाकडे किल्ली मागायची. किल्ली हातभर लांब लाकडी पट्टीला बांधलेली, कुणी चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून. ती पट्टी मिरवत सगळ्या वर्गांसमोरून जायचं. त्याआधी किल्लीच्या वहीत नाव, इयत्ता, वेळ आणि कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे दहा वर्षांच्या मुलींना कळत नसे. कारकून “लिहा, लिहा” म्हणत वर न बघता हसायचा. महिन्यात तीनदा नाव आलं की घरी चिठ्ठी.

हे सगळं ती दीड वर्ष डोळ्यांनी बघत होती, पण तिला दिसलं नव्हतं. दिसलं ते बाटल्यांमुळे.

घरी गेल्यावर लेकीचा पापा नंतर, बाटली आधी, अशी तिची खोड होती. किती प्यायली, किती उरली. “पोरगी आणलीस की पाण्याचा मीटर?” नवरा विचारायचा. सासूबाई म्हणायच्या, “आम्ही काय बाटल्या मोजून पोरं वाढवली?” ती ऐकून घ्यायची आणि बाटली हलवून बघायचीच. काळजी हा तिचा पिंड होता, त्याला औषध नव्हतं.

एक दिवस शाळा सुटताना मुलींना रांगेत सरळ उभं करताना तिच्या हाताला एक बाटली लागली. भरलेली. पुढची उचलली. भरलेली. मग तिनं एकेक करत सगळी रांग पालथी घातली. चव्वेचाळीस मुलींमधल्या अडतीस जणींच्या बाटल्या सकाळी आईनं भरून दिल्या तशाच होत्या.

“पाणी का नाही पीत गं?”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी खारुताई बोलली. पेन्सिलीचं टोक कुरतडायची म्हणून त्या मुलीला सगळा वर्ग खारुताई म्हणायचा.

“प्यायलं की लागते ना बाई.”

“मग अशीच भरलेली नेता घरी?”

“भरलेली नेली की आई ओरडते. आम्ही फाटकाजवळ झाडांना घालतो.”

“आम्ही म्हणजे कोण कोण?”

खारुताईनं मागं वळून रांगेकडे पाहिलं. “सगळ्याच.”

फाटकाजवळच्या रोपांची रांग भर उन्हाळ्यात हिरवीगार असायची. मैदान करपून जायचं, पण ती रोपं तरारलेली. पाहुणे आले की मुख्याध्यापिका हमखास तिथं थांबायच्या. “आमच्या मुलींना झाडांचा लळा आहे,” म्हणायच्या.

ती आधी एकटीच मुख्याध्यापिकांकडे गेली. “मुली खोड्या काढायला जातात, तुम्हाला माहीत नाही,” एवढं ऐकून परत आली. मग तो अर्ज लिहिला. तो पंधरा दिवस टेबलावरच्या काचेखाली पडून राहिला. सोळाव्या दिवशी खारुताई तासाला उभी राहिली ती करंगळी वर करायला, आणि तशीच बाकावर कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. तिनं मुलीला उचललं तेव्हा फ्रॉक ओला होता. तेवढ्या तापातही मुलगी पुटपुटत होती, “सॉरी बाई, सॉरी बाई.”

दवाखान्यात आई धावत आली. घरी शिवणकाम करायची, सुई तशीच पदराला टोचलेली होती. बाहेरच्या बाकावर तिनं बाईंचे दोन्ही हात धरले.

“डॉक्टर म्हणाले, धरून धरून झालंय. मूत्रपिंडापर्यंत गेलंय म्हणे. आणि मी हिलाच ओरडत होते बाई, की मेली पाणी पीत नाही.”

“तुमचा दोष नाही.”

“तुम्ही बोला तिथं. तुमचं शिक्षण आहे, तुमचं ऐकतील. मी येते. मी सांगते सगळं. मागं हटणार नाही.”

त्या रात्री बाईंना आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

अर्जावरची बैठक शुक्रवारी होती. मुख्याध्यापिकांच्या खोलीत संस्थेचे सचिव, खारुताईची आई आणि शिक्षिकांच्या वतीनं चित्रकला. दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन मावशी. बाईंनी घरून टिपण काढून आणलं होतं, बाटल्यांच्या आकड्यासकट. ती शांतपणे बोलली. मध्ये कुणी अडवलं नाही. कुणी अडवत नाही याचीच तिला भीती वाटायला हवी होती, पण ती समोर बसलेल्या चित्रकलेकडे बघून बोलत होती आणि चित्रकला मान हलवत होती.

“झालं?” सचिव म्हणाले. त्यांनी खारुताईच्या आईकडे मान वळवली. “तुमची काही तक्रार आहे का ताई? मोकळेपणानं सांगा. तुमच्या धाकटीचाही प्रवेशाचा अर्ज आलाय ना यंदा?”

आईनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

“आमच्या पोरीला पाणी प्यायची सवयच नाही,” ती म्हणाली. “घरीपण नाही पीत. शाळेचं काही नाही त्यात.”

“आणि बाई म्हणतात ते?”

“बाईंचा जीव आहे पोरींवर. जरा जास्तच काळजी करतात त्या.”

बाईंना राग आला नाही. तिला ती सुई आठवली. धाकटीसाठी आपणही हेच म्हटलं असतं का, असा एक प्रश्न मनात आला आणि तिनं तो घाईघाईनं मागं ढकलला. “आठ जणींनी सही केलीय,” ती म्हणाली. “हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही.”

मुख्याध्यापिकांनी खण उघडला आणि दुसरा एक कागद तिच्यासमोर सरकवला.

‘आम्हांस मजकूर वाचावयास न देता सह्या घेण्यात आल्या. अर्जातील म्हणण्याशी आम्ही सहमत नाही.’

मजकूर तिनं एकदाच वाचला. अक्षर मात्र ती बघत राहिली. तिरकं, गोटीबंद, शेवटी वेलीसारखं वळण घेणारं. तिची लेक रोज निजताना ज्या अक्षरांवरून बोट फिरवायची, तीच ही अक्षरं.

मजकुराखाली सात सह्या होत्या. गोलात. घड्याळाच्या आकड्यांसारख्या, कुणीच पहिली नाही, कुणीच शेवटची नाही. गोल इतका नेटका होता की तो आधी कंपासनं काढून मग रेघ खोडली असावी.

तिनं वर पाहिलं. चित्रकला खिडकीबाहेर बघत होती. दाराशी मावशींच्या हातातल्या ट्रेमधले पेले एकमेकांवर किणकिणले.

जिन्यात चित्रकलेनं तिला गाठलं.

“अगं, ऐक तर.”

“अक्षर तुझं होतं.”

“कुणीतरी लिहायलाच हवं होतं. माझं बरं आहे म्हणून माझ्या गळ्यात घातलं.”

“आणि गोल?”

चित्रकलेनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग एकदम म्हणाली, “सहा वर्षं झाली मला, अजून कायम केलं नाही. तू नेहमी दुसऱ्यांच्या पोरींची बाजू घेतेस. माझी कधी घेतलीस?” तिच्या आवाजात खरोखरच दुखावल्यासारखं काही होतं. मग तिनं पिशवीतून खडूंची पेटी काढली. “तुझ्या लेकीसाठी आणलेत. परवाच आणलेत.”

परवा. म्हणजे तो कागद लिहून झाल्यावर, की आधी? तिनं विचारलं नाही. पेटीही घेतली नाही. बस चुकवून ती चालत घरी गेली. रात्री लेक तक्त्यापाशी उभी राहून अक्षरं म्हणू लागली, तेव्हा तिला तो भिंतीवरून ओढून काढावासा वाटला. पण लेक ‘म’पर्यंत पोचली होती, आणि ‘म’ तिला नुकताच यायला लागला होता. तक्ता राहिला.

सोमवारी तिचा वर्ग काढून घेतला होता. पाचवी चित्रकलेकडे गेली. “तुम्हाला एवढी काळजी आहे ना,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मग वर्ष संपेपर्यंत किल्ली तुम्हीच सांभाळा.” वर्गांसमोरच्या ओवरीच्या टोकाला, मुतारीच्या दारासमोर, तिच्यासाठी एक खुर्ची ठेवली होती. खुर्चीवर लाकडी पट्टी आणि किल्लीची वही.

ती बसली. शिक्षक-खोलीतून येणारी-जाणारी प्रत्येक जण तिच्यासमोरून गेली. गणितानं घड्याळ पाहिलं. भूगोलाला नेमका खोकला आला. सगळ्या गेल्यावर ती उठली, कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि कुलूप वहीवर ठेवून दिलं. आता येईल ती येईल, कुणाला काही लिहायला नको.

मधली सुट्टी सोडली तर सकाळभर कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. मुलींना करंगळी वर करायची सवयच राहिली नव्हती. आणि चित्रकला चालू तासाला कुणाला सोडत नसे. पाचवीवर नवीन होती, पकड बसवायची होती. तिसऱ्या दिवशी मावशींनी आपलं स्टूल आणून खुर्चीशेजारी ठेवलं आणि बसल्या. ‘मी सांगितलं होतं’ हे त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत आणि नंतरही नाहीत. जरा वेळानं एवढंच म्हणाल्या, “कडी बसवून घेतलीय मी. पाचव्या दाराला.”

खारुताई दोन आठवड्यांनी शाळेत आली, निम्मी होऊन. ओवरीतून जाताना तिची पावलं दारापाशी घुटमळली. उघड्या दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. आईनं काय बजावलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. ती खाली मान घालून, भिंतीच्या कडेकडेनं पुढं गेली.

शाळा सुटल्याची घंटा झाली. बाईंनी वही उघडली. तारीख घातली. नाव, इयत्ता, वेळ, कारण, सगळे रकाने कोरे. तिनं खाली सही केली, एकटीची, ओळीत, ठसठशीत, आणि वही मिटली. फाटकापाशी मुलींची गर्दी झाली होती. त्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. बाटल्यांची झाकणं उघडण्याचा बारीक टकटक आवाज तिथवर येत होता, आणि रोपांखालची माती काळी होत चालली होती.

तुमच्याही घरी संध्याकाळी कुणीतरी शाळेतून येत असेल. आज दप्तर उतरवून घेताना बाटली उचलून बघा. आणि रिकामी असली, तरी तेवढ्यावर निवांत होऊ नका. जवळ बसवा आणि विचारा, पाणी कुठे गेलं.