तिसरी फेरी

पेन्सिलीचं टोक बोथट होतं, आणि मागच्या बाजूला कुणीतरी, बहुतेक त्यांच्याआधी या खुर्चीत बसलेल्या माणसानं, दात रोवले होते. साहेबांनी ती बोटांत फिरवली. घड्याळ काढायचं, त्यात पावणेचार वाजवायचे. गोल काढला, आकडे मांडले, लहान काटा, मोठा काटा... हात कसा सरसर चालला! चालणारच. गेले अकरा दिवस बाथरूमच्या वाफाळलेल्या आरशावर ते हेच तर गिरवत होते.

कागद आयताच हाती लागला होता. आत्ता समोर बसलेल्या याच डॉक्टरबाईंनी ज्येष्ठांसाठी स्मरणशक्तीचं तपासणी शिबिर भरवलं होतं, आणि उद्घाटनाला साहेब. फीत कापली, फोटो झाले, आणि टेबलावरचा एक कोरा तपासणीचा कागद घडी होऊन त्यांच्या खिशात गेला. कशाला घेतला, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. कागदावर पाच शब्द होते. कुलूप, हत्ती, लिंबू, खिडकी, जांभळा. दाढी करताना कुलूप, मोजे चढवताना हत्ती... आमदारकीची शपथसुद्धा एवढी घोकली नव्हती.

"साहेब, मघाचे पाच शब्द आठवतात?"

त्यांनी घडाघडा म्हणून दाखवले. मग डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "डोक्याला कधी मार? शुद्ध हरपली होती कधी?"

"छे हो. तरुणपणी बॉक्सिंग करायचो, तेवढंच. ठीक आहे सगळं."

ठीक आहे. किती लगेच आलं ते तोंडात... उस्तादांनी शिकवलेलं पहिलं वाक्य, ठोसा मारायला शिकवण्याच्याही आधीचं. "जोराचा मार बसला की पंच आठपर्यंत आकडे मोजेल, मग विचारेल, बरा आहेस ना. मेलास तरी त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, ठीक आहे." एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजांच्या अंतिम लढतीत, समोरच्या लंबूचा उजवा हात कानशिलावर बसला आणि छताला टांगलेल्या दिव्यांचे दोन दोन दिवे झाले. पंचाचं तोंड हलत होतं, आवाज मात्र विहिरीतून यावा तसा. ठीक आहे, असं ते म्हणाले होते. म्हणाले असणार, कारण लढत पुढे चालली आणि तिसरी फेरी त्यांनी जिंकली. ती फेरी ते तीस वर्षं सभांमधून सांगत आले, 'पडलो, पण उठलो' म्हणत, एकेक ठोसा हवेत मारून दाखवत. टाळ्यांचा नुसता कडकडाट! आणि त्यातलं अक्षरही त्यांना आठवत नव्हतं. सगळं उस्तादांनी दुसऱ्या दिवशी सांगितलेलं, ऐकीव. त्यांची स्वतःची आठवण दोन दोन दिव्यांपाशी तुटायची, ती थेट वसतिगृहाच्या मोरीत, उलटी करताना, पुन्हा सुरू व्हायची.

मग आत्ताचं हे विसरणं सुरू झालंय ते तिथूनच का? की वय? की काहीच नाही, उगाच मनाचे खेळ?

"तीसपैकी तीस," डॉक्टरबाई हसल्या. "कशाला घाबरलात एवढे? स्कॅनची काही गरज नाही."

बाहेर बाकावर बायको बसली होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं की नाही, हे आज डॉक्टरांच्या शब्दावर ठरणार होतं, अट तिचीच. गेल्या महिन्यात बावीस वर्षं त्यांची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरचा सत्कार करायला ते उभे राहिले आणि त्याचं नाव... गेलं. जिभेवर नाही, मनात नाही, कुठेच नाही. पण राजकारणी माणूस, वेळ मारून नेली. "हा माझा भाऊ! भावाला काय नावानं ओळखायचं?" सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. बायकोनं तेवढी टाळी वाजवली नव्हती.

"काय म्हणाल्या?"

"तीसपैकी तीस."

तिचा चेहरा क्षणभर पडल्यासारखा झाला आणि मग ती चक्क रडायलाच लागली. "अहो, अकरा रात्री डोळ्याला डोळा नाही माझा. तुम्ही बाथरूममध्ये पुटपुटायचात, मला वाटायचं, संपलं सगळं... एकटेच बडबडायला लागलात."

साहेबांनी खिशातला रुमाल तिच्यापुढे केला. तिला घाबरवलं ते त्या कॉपीनं, आणि आता सुटकेचं रडू आणलं तेही त्या कॉपीनंच.

आवारात ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडून धरलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. कपाळावरचा व्रण, बटणांपाशी ताणलेला शर्ट, मुलीच्या लग्नात ढसाढसा रडलेला हाच माणूस. सगळं जागच्या जागी होतं, नाव तेवढं नव्हतं. कुलूप, हत्ती, लिंबू, खिडकी, जांभळा. ते थांबले. पुन्हा कुलूप. पुन्हा हत्ती. नाव काही येईना.

आपण पास झालो, आणि आता खरं काय ते आपल्याला कधीच कळणार नाही, असं त्यांना वाटलं.

"अहो, चला ना." बायकोनं डोळे पुसत त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं? बरं वाटतंय ना?"

ते दोन शब्द तयारच होते, चाळीस वर्षांचे, जिभेच्या टोकावर. ती त्यांच्या डोळ्यांत बघत होती, पंच बघायचा तशी. मनातल्या मनात आकडे सुरू झाले... पाच, सहा, सात... आणि साहेब तसेच उभे राहिले, उघड्या दाराशी, ते दोन शब्द न बोलता.