पाकळ्या गळतात ते गाव

सासरी तिला सगळे सोलगोलवाली म्हणत. त्या घराण्यात प्रत्येक सुनेला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारायची रीत होती.

वर्षातून एकदा, तिसऱ्या महिन्यात, घराण्यातल्या बायका डोंगरावर जात. तीन दगडांवर हंड्याचं लोखंडी झाकण उलटं ठेवून तांदळाच्या पिठाच्या चकत्या भाजत आणि त्यांवर गुलाबी रानफुलांच्या पाकळ्या दाबत. खाणं झालं की सगळ्या मिळून एक लांब गाणं रचत. प्रत्येकीच्या दोन ओळी. थोरल्या सासूबाईंना पसंत पडतील तेवढ्याच कागदाच्या गुंडाळीवर उतरत, आणि ती गुंडाळी त्या वर्षी लग्न होणाऱ्या मुलीबरोबर सासरी जाई.

यंदा ती मुलगी ओकदान होती, सोलगोलवालीची एकुलती एक लेक. अठरा वर्षांत सोलगोलवालीची एकही ओळ कागदावर गेली नव्हती. आजवर तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. पण लेकीच्या पेटीत आईचा एक शब्दही नसावा, हे तिला सहन होणार नव्हतं.

विषय नेहमीचाच निघाला : पीचच्या फुलांचा तो देश, जिथे दुःख नाही.

"तिथे फुलं कधी गळत नाहीत," एकीने ओळ टाकली.

"माणसं कधी म्हातारी होत नाहीत," दुसरी म्हणाली.

"म्हणजे सासवा कायमच्याच," धाकटी जाऊ पुटपुटली.

"मला ऐकू येतं बरं," थोरल्या सासूबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

मग सोलगोलवालीची पाळी आली. ती सावकाश म्हणाली,

"सोलगोलच्या वरच्या बांधावर सात पीच, खिंडीतला वारा सुटला की चार दिवसांत पाकळ्या मातीत.
पंधरवड्यात देठादेठाशी हिरवी गाठ. पोरं रोज मोजायला येतात."

"अगं, सुखाच्या देशाचं गाणं चाललंय, बागाईतीचं नाही," जाऊ म्हणाली.

"पाकळ्या गळल्याच नाहीत तर फळ धरणार कसं? त्या देशात माणसं खातात काय?"

"दव पितात."

"दव पिऊन बाळंत होऊन दाखव मग."

आता जावेवर हसायची पाळी होती. थोरल्या सासूबाईंनी मात्र हात वर केला.

"ओळी चांगल्या आहेत. मी घेते. फक्त सोलगोल काढ. त्या देशाला नाव नसतं. सोलगोलला शेतसारा भरावा लागतो, तिथे दगडाशिवाय काही पिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'एका डोंगरावर' असं म्हण."

अठरा वर्षं जे हवं होतं ते एका होकाराच्या अंतरावर होतं. ओकदान शाई उगाळायची थांबून आईकडे बघत होती.

"मग राहू द्या, सासूबाई," सोलगोलवाली म्हणाली. "नाव जाणार नसेल तर ओळीही नकोत."

"इतकी वर्षं थांबलीस आणि आता हट्ट?"

"दगड आहेतच. त्याच दगडांचे बांध माझ्या वडिलांनी रचले, त्याच बांधांवर झाडं लावली. ती झाडं मी कुठल्या बिननावाच्या डोंगराला देणार नाही."

झाकणावर उरलेली शेवटची चकती करपायला लागली तरी कुणी ती उलटली नाही.

थोरल्या सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना स्वतःला गावाच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. छप्पन्न वर्षांत त्या एकदाही माहेरी गेल्या नव्हत्या.

"माझ्या माहेरी, हानबातला," त्या म्हणाल्या, "आमच्या पाकळ्या विहिरीत पडायच्या. पाणी काढताना कळशी भरून यायच्या." मग ओकदानकडे वळल्या. "कुंचला आईला दे. तिच्याच अक्षरात लिहू दे. नावासकट."

सोलगोलवालीने पदर खोचावा तशी बाही वर सारली आणि लिहायला बसली. सोलगोलची अक्षरं बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट मोठी झाली.

"एवढी मोठी कशाला?" जाऊ म्हणाली.

"ओकदानच्या सासरच्यांना दुरून वाचता यावीत म्हणून."

"लिही, पण सगळा कागद खाऊ नकोस," थोरल्या सासूबाई म्हणाल्या. "हानबातला जागा ठेव."